निळ्या अंड्यांची जात

सकाळी खुराड्यात तिसरी कोंबडी मेलेली दिसली, तुरा काळानिळा पडलेला. राखाडी पिसांची, निळी अंडी देणारी ही जात सगुणाने सात वर्षं जोड्या लावून तयार केली होती.

"गुपचूप पुरून टाकू," नवरा म्हणाला. "बर्ड फ्लू निघाला तर सरकारी माणसं एकही जिवंत सोडणार नाहीत."

कुंपणापलीकडे शेजारची पोर कोंबडीची पिल्लं कुशीत घेऊन खेळत होती. सगुणाने जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला.

चौथ्या दिवशी अहवाल आला. बर्ड फ्लूच होता. पाठोपाठ तोंडं झाकलेली माणसं आली. त्यांना बघून कोंबड्या भराभर आंब्यावर चढल्या, काही केल्या उतरेनात.

"ताई, तुम्हीच बोलवा," डॉक्टर हळूच म्हणाले.

सगुणा आंब्याखाली जाऊन उभी राहिली. तिने हाक मारली, "या गं बायांनो!"

एकेक करून सगळ्या तिच्या पायांशी आल्या.