बायकांची रांग

टॉकीजच्या बायकांच्या रांगेला दोन्ही बाजूंनी लोखंडी गज होते. मालन त्यात निम्म्यावर पोचली, तेव्हा तिला गजांपलीकडे सासरे, अण्णा, दिसले. दवाखान्यात जाते म्हणून ती घरून निघाली होती. सिनेमाचं नाव काढलं तरी अण्णा ताटावरून उठत. मागे फिरावं, तर पाठीशी बायका दाटलेल्या. तिने पदर नाकापर्यंत ओढला.

अण्णा नेमके तिच्यापाशीच आले. "बाई, पुरुषांची रांग लांबलीय. माझंही एक बाल्कनीचं काढता का?"

तिने मान खाली घालून नोट घेतली आणि खिडकीवरून परतताना न बोलता तिकीट त्यांच्या हातावर टेकवलं. तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला.

पण एकदम काढलेली तिकिटं शेजारशेजारची असतात, हे डोअरकीपरने अंधारात बॅटरी मारून खुर्ची दाखवली तेव्हा तिच्या लक्षात आलं. मागून माणसं रेटत होती. ती अंग चोरून बसली.

मध्यंतरात दिवे लागले. अण्णांनी वळून पाहिलं. सिनेमाच्या नादात तिचा पदर खांद्यावर घसरला होता.

"मालन," ते पडद्याकडे बघत हळूच म्हणाले, "जाताना तू पुढे हो. मी मागाहून देवळातून आल्यासारखा येतो."