तिसऱ्या मजल्यावरचा डबा

मुलांनो, एक जिना डोळ्यांसमोर आणा. अरुंद, काळोखा, कठडा डगमगणारा. दिवसभर उभं राहून तुमचे पाय भरून आलेत, हातात गरम डबा आहे, आणि अजून चोपन्न पायऱ्या चढायच्या आहेत. चढलात? मग मुंगीची आई रोज संध्याकाळी किती थकत असेल, ते मी वेगळं सांगायला नको.

मुंगी नऊ वर्षांची. सदा काहीतरी उचलून कुठेतरी नेत असायची, म्हणून ते नाव पडलं. तिची आई इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींच्या घड्या घालायची. वडील दोन वर्षांपूर्वी वारले होते. कामावरून आलं की आई स्वयंपाक करायची आणि डबा घेऊन पलीकडच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या शिंपीआजोबांकडे निघायची. मुंगीही मागोमाग.

हे काम चर्चच्या फादरांनी सांगितलं होतं.

"बाई, एकटा म्हातारा आहे," ते म्हणाले होते. "हात इतके थरथरतात की पातेलं धरवत नाही. त्याचा शिधा मी दर शनिवारी तुमच्या घरी पोचवीन. रांधून देणारं कोणी मिळत नाही."

"त्यात काय एवढं?" आई म्हणाली होती. "दोघींचं करतेच, तिघांचं करीन."

आजोबांची खोली म्हणजे एक खाट, एक स्टूल आणि झाकून ठेवलेलं शिवणयंत्र. आजोबा खाटेवर पडलेले असायचे, हात पांघरुणाखाली. जीभ मात्र ठणठणीत.

"आज मीठ कुठे गावाला गेलं होतं का?"

"तुमच्याच जिभेवर बसलंय. शोधा."

"आणि भात? भात आहे की भिंतीला लावायची खळ?"

"गिळा मुकाट्यानं. नाहीतर उद्या खळच आणते."

आजोबा खो खो हसायचे. खाली उतरताना आईही जरा हसायची. पण पहिल्या मजल्यापर्यंत ते हसू विरून जायचं आणि ती कठडा धरून मिनिटभर उभी राहायची.

त्या शनिवारी आईच्या अंगात ताप होता. तरी ती चुलीपुढे उभी राहिली. शेजारची काकू दारातूनच ओरडली.

"स्वतःचे पाय बघ, खांबासारखे सुजलेत. आणि निघाली जगाला भरवायला! कोण लागतो गं तो तुझा?"

"कोणी नाही लागत. म्हणून तर."

"मग त्याच्यासाठी मरणार आहेस का? या पोरीकडे कोण बघेल?"

आईनं डब्याचं झाकण लावलं आणि खाली बसली ती उठेचना.

"मुंगे, आज संध्याकाळची वाट बघायला नको. तू आत्ताच डबा देऊन ये. आणि आजोबांना सांग, उद्यापासून आईला जमणार नाही. फादर दुसरं कोणी बघतील."

"आणि कोणी मिळालंच नाही तर?"

आईनं भिंतीकडे तोंड केलं. "तू सांग फक्त."

भर दुपारी मुंगी एकटी जिना चढत होती. असा निरोप कसा सांगायचा? आजोबा, आईला बरं नाही. आजोबा, आईचे पाय दुखतात. प्रत्येक पायरीला ती वाक्य बदलत होती आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी आजोबा उपाशीच राहत होते. दुसऱ्या मजल्यावर ती बसली. डबा मांडीवर घेतला. थोडं रडून घेतलं. मग नाक पुसून पुन्हा उठली.

आजोबांचं दार अर्धवट उघडं होतं. आतून फादरांचा आवाज आला, म्हणून ती फटीपाशीच थांबली.

फादर स्टुलावर बसले होते. त्यांच्या पायांशी पिशवी होती. दर शनिवारी मुंगीच्या घरी यायची तीच. आणि आजोबा खाटेवर नव्हते. खिडकीपाशी उभे राहून ते सुईत दोरा ओवत होते. एका झटक्यात ओवला. मग फादरांच्या झग्याचं उसवलेलं टोक हातात घेतलं आणि भराभर टाके घालू लागले.

"डाळ सगळी त्या पिशवीत ओता, फादर."

"अहो, चर्चकडून तुम्हाला आठवड्याला मिळतं ते एवढंच. थोडं तरी ठेवा."

"मला कशाला? मला डबा येतो की."

"दोन वर्षं झाली. किती दिवस हात थरथरवत पडून राहणार आहात?"

"तुम्हीच म्हणाला होतात ना, ती बाई दिलेलं घेत नाही? तुमची पिशवी दारातून परत केली होती तिनं. पण कोणी मदत मागितली तर नाही म्हणत नाही." आजोबांनी दोरा दातानं तोडला. "ओता. पोरगी वाढीच्या वयात आहे."

मुंगी पाऊल न वाजवता मागे सरली. एक एक पायरी करत थेट दुसऱ्या मजल्यावर उतरली. तिथून वळली, आणि धपाधप पाय आपटत, जिना दणाणून सोडत पुन्हा वर निघाली. "आजोबाऽ, डबा आणलाय! उद्यापासून मीच आणणार आहे!" असं ओरडत ती दारापर्यंत आली, आणि आत खाट करकरेपर्यंत बाहेरच उभी राहिली.