लाल नेलपॉलिशची फुली

घरचा कॉम्प्युटर आठवडाभर मध्येच बंद पडायचा आणि रविवारी बाबा त्यासाठी हॉस्टेलवरच्या ताईला व्हिडिओ कॉल लावायचे. मग तासभर "आता काय दाबू गं, बाळा?" असं दोघांचं गुळपीठ, आणि मी आपली शेजारी टॉर्च धरून उभी! नुसता जळफळाट व्हायचा माझा.

या शनिवारी मात्र मीच कॅबिनेट उघडलं. आत रॅमच्या दोन पट्ट्या होत्या. आळीपाळीने एकेक काढून कॉम्प्युटर चालवून पाहिला. एका पट्टीवर तो दुपारभर मजेत चालला, दुसरीवर दहा मिनिटांत गारद. सापडला चोर! त्या बिघडलेल्या पट्टीवर मी लाल नेलपॉलिशने ठसठशीत फुली मारली आणि ती ड्रॉवरमध्ये टाकली.

"बाबा, मी दुरुस्त केला! आता ताईला त्रास द्यायची गरजच नाही," मी कॉलर ताठ करून सांगितलं.

"अरे वा," बाबा म्हणाले. पण चेहरा असा पडला, जणू मी काहीतरी मोडूनच ठेवलंय.

रविवारी सकाळी मला जाग आली ती बाबांच्या खुशीत आलेल्या आवाजाने. "अगं बाळा, परत बंद पडला बघ हा! थांब हं, कॅबिनेट उघडतो. चिमे, टॉर्च आण गं!"

मी धावत जाऊन आत उजेड पाडला.

माझी लाल फुली पट्टीसकट परत जागेवर बसली होती.