दोन वर्षांपूर्वीचा बॅकअप

हेमांगीने दार उघडलं तर समोर एक अनोळखी बाई.

"मी तडवी, तुमची वकील. काल घटस्फोटाच्या तारखेला का आला नाहीत?"

हेमांगी चक्रावली. अपघातात पुसलेली तिची स्मृती इस्पितळाने तिच्या ईमेल आणि डायरीच्या बॅकअपवरून परत भरली होती. त्यात घटस्फोट कुठेच नव्हता.

तडवीबाईंनी तिचेच ईमेल दाखवले. ते वाचून हेमांगी आत बसलेल्या नवऱ्याकडे वळली.

"सुहास, कुठला बॅकअप दिलास इस्पितळाला?"

"दोन वर्षांपूर्वीचा," नवरा पुटपुटला. "तेव्हा आपण सुखात होतो गं."

"माझी दोन वर्षं गिळलीस?"

"तू बेशुद्ध होतीस. सही मीच केली."

हेमांगीने पायात चपला सरकवल्या.

"तुला का सोडत होते, ते मला आठवत नाही," ती म्हणाली. "आता आठवायची गरजही नाही. चला, तडवीबाई."