पान उघडायला लागलेला वेळ

आईच्या हृदयाची झडप बदलायची होती, आणि ऑपरेशनच्या तारखेची वाट बघण्यात सगळा हिवाळा गेला. एक जिना चढली तरी तिचे ओठ निळे पडायचे.

"बाबा, इस्पितळात फोन करून विचारा ना," मी दर रविवारी म्हणायचे.

"असं मागे लागणं बरं दिसत नाही गं. नंबर लागला की कळवतील."

काल डेन्मार्कमधल्या स्किव्ह गावी माहेरी गेले, बाळाला आईच्या मांडीवर दिलं आणि बाबांचा बारा वर्षांचा कॉम्प्युटर साफ करायला बसले. ब्राउझरमध्ये एकाहत्तर टॅब उघडे होते. ते बंद केले, नको ते काढून टाकलं, अपडेट केलं.

"सरकारी ऑनलाइन टपालाचं पान तर अर्धा तास नुसतं गरगरायचं," बाबा म्हणाले. "शेवटी मी नादच सोडला. महत्त्वाचं असेल तर पोस्टमन आणेल की!"

"पोस्टमन हल्ली येतो कुठे, प्रेबेन?" आई हसली, आणि तेवढ्यानेही तिला धाप लागली.



पान क्षणात उघडलं. आईच्या नावाने इस्पितळाची तीन पत्रं होती: पहिल्यात ऑपरेशनची जानेवारीतली तारीख, शेवटच्यात उत्तर न आल्यामुळे तिचं नाव यादीतून काढल्याची सूचना.