तीन मुठी

आभाळात दिसणाऱ्या अनोळखी दिव्यांचा तपास करायला सरकारी शास्त्रज्ञ मॅडम गावात आल्या. “परवा पाठवलेला आमचा माणूस भेटला का?” त्यांनी विचारलं. सगळ्यांनी नाही म्हणून सांगितलं. मग त्यांनी मोजणी शिकवली. “हात ताठ धरून मूठ वळा. दिवे जमिनीपासून किती मुठी वर होते?” शाळेच्या पटांगणात सगळ्यांनी मुठी रोखल्या. माझा हात वर होईना. परवा आम्ही ड्रोनवाल्या चोरांच्या धास्तीनं गस्त घालत होतो, तेव्हा एक परका माणूस बांधावरून दिव्यांकडं अशाच मुठी रोखून आकडे म्हणत होता. “ड्रोनला इशारा करतोय बे!” मीच ओरडलो. पहिली काठी माझीच. तो अजून बीडच्या दवाखान्यात बेशुद्ध आहे. “गहिनीनाथ, तुमच्या किती?” मॅडमनी मला विचारलं. “तीन.” “हात तर उचललाच नाही!” “मी न्हाई मोजल्या, मॅडम. तुमच्या माणसानं मोजल्या. चौथी आमी मोजू दिली न्हाई.”