कमलाकांतरावांची जखम

मलमाची ट्यूब खिडकीतून खाली गेली आणि गिरगावातल्या त्या वाडीच्या फरशीवर आपटली. कमलाकांत धैर्यवान आरशासमोरून उठले आणि पलंगावर आडवे झाले. आडनाव धैर्यवान. देवालाही कधीकधी थट्टा सुचते.

"मलम कसलं, निखारा आहे तो," ते कण्हले. "कपाळ सोलून निघालंय माझं. तो चिंतामणी डॉक्टर माणसांचा की घोड्यांचा?"

डॉक्टरांचे शब्द लीलाबाईंना पाठ होते. सर्व्हे खात्यात जन्मभर उघड्या डोक्याने उन्हात हिंडल्यामुळे नवऱ्याच्या कपाळावर, केस मागे सरले होते तिथे, खरखरीत चट्टा उठला होता. उन्हात कधी न घातलेली टोपी कमलाकांतराव आता तो झाकायला घालू लागले होते. चट्ट्याचा तुकडा काढून तपासला होता. कॅन्सर अजून नव्हता, पण त्याच वाटेवर होता.

"हे मलम खराब कातडी जाळून काढतं," डॉक्टरांनी बजावलं होतं. "लाल होईल, चिघळेल, बघवणार नाही. तरी महिनाभर लावायचंच. मध्येच सोडलंत तर वरून सुकेल आणि आतून वाढेल. मग माझ्याकडे येऊ नका, सर्जनकडे जा."

चौथ्या दिवशीच ट्यूब खिडकीबाहेर गेली. यात नवल काही नव्हतं. आंघोळीचं पाणी जरा कढत झालं तरी घर डोक्यावर घेणारा हा माणूस. आदल्याच आठवड्यात संयुक्त महाराष्ट्रासाठी फाउंटनला मोर्चा गेला, लाठ्या चालल्या, गोळ्या चालल्या. वाडीतले निम्मे पुरुष तिकडे होते. हे गृहस्थ पोटात कळ आली म्हणून दाराला कडी घालून मधल्या खोलीत बसले होते, आणि नंतरही दोन दिवस कुणाला दिसले नव्हते.

लीलाबाई ट्यूब आणायला खाली गेल्या. त्यांना वर यायला बराच वेळ लागला. आल्या, ट्यूब पदराने पुसली आणि फडताळात ठेवून दिली.

संध्याकाळी गणपत आला. वाडीतलं चळवळीचं सगळं काम तो बघायचा. हातात मोसंबी होती. कमलाकांतरावांच्या लालभडक कपाळाकडे त्याने पाहिलं आणि हात जोडले.

"दादासाहेब, एवढं सोसलंत आणि वाडीला कळूसुद्धा दिलं नाहीत?"

कमलाकांतरावांनी तोंड उघडलं. 'मलम' हा एक शब्द पुरला असता. त्यांनी तोंड मिटलं, आढ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "कर्तव्य रे. त्यात काय सांगायचं?"

झालं. दुसऱ्या दिवसापासून दारात चपलांचा ढीग. कुणी शहाळं आणलं, कुणी पोरांना पाया पडायला लावलं. कमलाकांतरावांनी टोपी खुंटीला टांगली ती टांगलीच. कपाळावर नीट उजेड पडेल अशी खुर्ची गॅलरीत मांडून ते बसू लागले. त्यांच्या हकिकतीत आधी एक पोलीस होता, त्याचे तीन झाले, मग घोडाही आला. चौकात सत्कार करायचंही ठरलं.

पण मलम बंद असल्यामुळे जखम सुकायला लागली. समोरचे गंगाधरपंत बघायला आले आणि आनंदाने म्हणाले, "बरी होत आली की."

ते जिना उतरले असतील नसतील, कमलाकांतरावांनी हाक मारली, "लीला, ते मलम कुठंय?"

त्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ ते स्वतः मलम चोळू लागले. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायचं, दात आवळलेले असायचे, पण तोंडातून हूं की चूं नाही. सत्काराच्या दिवशी कपाळ असं काही चिघळलं होतं की बायकांनी तोंडाला पदर लावले. शाल मिळाली. नारळ यशोदाबाईंच्या हातून मिळाला. यशोदाबाईंचा मुलगा मोर्च्याला गेला तो परत आलाच नव्हता. त्यांच्या हातून नारळ घेताना या माणसाचा हात जरासुद्धा कापला नाही. लीलाबाई मात्र मान खाली घालून बसल्या होत्या. त्यांनी तो नारळ घरात फोडला नाही. दुसऱ्या दिवशी जाऊन यशोदाबाईंच्या देवापुढे ठेवून आल्या.

महिना भरला. मलम थांबलं, खपल्या पडल्या, आणि चिंतामणी डॉक्टरांनी भिंगातून कपाळ न्याहाळलं. चट्ट्याचा मागमूस नव्हता. खाली नवी गुलाबी कातडी आली होती.

"सुटलात," ते म्हणाले. "खरं सांगू, या मलमाला भले भले आठवड्यात पाठ दाखवतात. तुम्ही टिकाल असं मला मुळीच वाटलं नव्हतं."

कमलाकांतराव आरशात बघत होते. त्यांचा चेहरा पडला होता.

"डॉक्टर, वण तरी राहील ना?"

"छे हो. पंधरा दिवसांत कळणारसुद्धा नाही इथे काही होतं म्हणून."

"काहीच नाही? एवढासासुद्धा?"

कमलाकांतराव उठले, खिशातून टोपी काढली, कपाळावर ओढून घेतली आणि निरोपही न घेता बाहेर पडले. जीव वाचला याचं या माणसाला सुतक.

लीलाबाई पिशवी उचलत होत्या. डॉक्टरांनी विचारलं, "वहिनी, केलंत काय तुम्ही? बांधून घातलं होतंत का यांना?"

"मला फार भीती वाटत होती हो," लीलाबाई म्हणाल्या. "ट्यूब आणायला खाली गेले तेव्हा गणपत भेटला. मी त्याला एवढंच म्हटलं, ह्यांचं कपाळ सोलून निघालंय, आणि ह्यांच्यासमोर फाउंटनचं नाव काढू नका, ह्यांना सोसत नाही."